रोजचं चालणं कॅलरींच्या हिशेबात धरायचं का?

वरणभात:
घर ते स्टेशन, भाजीबाजार, मुलांना शाळेत सोडणं. हे चालणं ॲपमध्ये 'व्यायाम' म्हणून लिहू नये, असं माझं स्पष्ट मत. बहुतेकांनी ते आधीच एकदा धरलेलं असतं. समजा, ४० वर्षांची बाई, ६० किलो, १५८ सेंमी. मिफ्लिन-सेंट जिओर सूत्राने (१० × वजन + ६.२५ × उंची − ५ × वय − १६१) नुसत्या विश्रांतीचा खर्च १२२६ कॅलरी. 'थोडीफार हालचाल' निवडली की ॲप त्याला १.३७५ ने गुणतं: १६८६. रोजची पावलं या गुणकात आलीच. तरी मनगटावरचं पावलं मोजणारं घड्याळ त्याच ६००० पावलांचे आणखी १७२ देतं, आणि बाई १८५८ खायला मोकळी! मग 'सगळं मोजून खाते तरी काटा हलत नाही'.

पायपीट:
दुखणं बरोबर ओळखलंत, औषध उलटं दिलंत. चालणं हिशेबातून काढू नका, गुणक खाली आणा. डोंबिवलीहून निघून दादरचा जिना चढून गाडी बदलणाऱ्याचा दिवस आणि त्याचाच घरून कामाचा दिवस एकाच गुणकात कसे बसतील? सरळ 'बैठं काम' (१.२) ठेवा, म्हणजे १४७१. मग चालण्याचा निव्वळ खर्च मिळवा: वजन × किलोमीटर × ०.५. ६५ सेंमीच्या पावलाने ६००० पावलं म्हणजे ३.९ किमी, म्हणजे ११७ कॅलरी. घड्याळाचे १७२ येतात कारण त्या ५२ मिनिटांत नुसतं बसूनही जळाल्या असत्या त्या ५०-५५ कॅलरी पुष्कळ घड्याळं आत घालतात. शिवाय घरातल्या घरातली ये-जा १.२ मध्ये असतेच, तेव्हा पहिली दोनेक हजार पावलं सोडून द्या. उरतात ७८.

वरणभात:
७८! पळीभर तेल अंदाजाने ओतलं की गेले. १५ मिली तेल म्हणजे १२० च्या वर कॅलरी. जेवणाच्या नोंदीतच एवढी चूक असताना ७८ साठी कोण पावलं मोजणार? आणि पावलं तरी खरी कुठे? हात बाबागाडीवर किंवा मॉलच्या ट्रॉलीवर असला की मनगटावरचं घड्याळ पावलं खातं. उलट भांडी घासताना हात हलला तरी मोजू शकतं. फोन चार्जिंगला असेल तर घरातलं चालणं शून्य.

शतपावली:
दोघंही कॅलरीतच अडकलात. व्यायाम म्हणून धरायचं का, हा वेगळा प्रश्न आहे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल सांगते. 'सलग १० मिनिटं तरी हवी' ही जुनी अट २०२० च्या शिफारशींत उरली नाही. म्हणजे स्टेशनपर्यंतची सात मिनिटंही चालतील, पण वेग हवा: मिनिटाला साधारण १०० पावलं, बोलता येईल, गाता येणार नाही इतपत. मंडईत वांगी निवडत रेंगाळणं यात नाही. बाकी १०,००० पावलांचा आकडा मनावर घेऊ नका, तो १९६० च्या दशकातल्या जपानी पेडोमीटरच्या नावातून आलाय.

जिनेवाला:
जिन्याचं काय? लिफ्ट सोडली तर वेगळं लिहायचं ना?

पायपीट:
तीन मजले म्हणजे अंदाजे १० मीटर. ६० किलोचं शरीर तेवढं वर न्यायला जेमतेम ६-७ कॅलरी. दम लागतो म्हणून जास्त वाटतं. हृदयासाठी चढा, नोंद करू नका.

आता वरणभात यांच्या मुद्द्याला उत्तर: घड्याळ रोज सारखंच चुकत असेल तर चालतं. आकडा खरा नसला तरी चढउतार कळतो. खाणं कमी केलं की माणूस नकळत कमी हलतो. पावलं ८००० वरून ५००० वर आली तर काटा का थांबला ते नोंदीशिवाय कळणार कसं?

वरणभात:
मग पावलं नोंदवा, कॅलरी नको. आकडा समोर दिसला की 'कमावलेत तर खाऊ' होतंच.

पायपीट:
तेवढ्यापुरती तडजोड करू. पावलं लिहा, खाणं १४७१ मधून ठरलेली तूट (वजन उतरवायला खर्चापेक्षा जेवढं कमी खायचं ते) वजा करून ठेवा, चार आठवड्यांनी तपासा. किलोभर चरबीचे ७७०० धरून हिशेबापेक्षा वजन जास्त उतरत असेल तर रोजचं खाणं १०० ने वाढवा. रोजच्या काट्यावर जाऊ नका, आठवड्याची सरासरी बघा. पाळी येणाऱ्यांनी मागच्या चक्रातल्या त्याच आठवड्याशी तुलना करावी, नाहीतर पाण्याचं वजन चरबी म्हणून मोजाल.