शिंजिराची झळाळी जलरंगात कशी उतरवावी? (मदत हवी आहे)

नमस्कार. मी पैठणचा रहिवासी असून नाथसागराच्या काठी दिसणाऱ्या गाणाऱ्या पक्ष्यांची, पाहताच ओळख पटावी अशी चित्रे जलरंगात काढत आहे. दयाळ, चिरक आणि लालबुड्या बुलबुल बरे जमले. जांभळ्या शिंजिरापाशी मात्र हात अडला आहे.

विणीच्या काळातला नर लांबून निव्वळ काळा दिसतो. पळसाच्या फुलावर बसून त्याने जरा मान वळवली की तोच काळा रंग निळा, जांभळा, क्वचित हिरवट होतो. ही झळाळी पिसांच्या सूक्ष्म रचनेमुळे उमटते, निळ्या रंगद्रव्यामुळे नव्हे, एवढे मला ठाऊक आहे. आमच्याकडे पैठणीत उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या रंगाचा घेऊन धूपछाँव साधतात, पण ते कापड हलले की रंग पालटते. माझ्या कागदाला ती सोय नाही.

पहिल्यांदा मी अख्खा पक्षी निळाजांभळा रंगवला आणि जत्रेतले खेळणे तयार झाले. पंख तपकिरी व निस्तेज असतात, हे नंतर नीट निरखल्यावर कळले. दुसऱ्या वेळी अभ्रकाची चमक असलेला रंग वापरला. हातात धरल्यावर चित्र देखणे वाटे, परंतु स्कॅन केल्यावर नेमका तेवढाच भाग मळकट राखाडी आला. जॉन गूल्ड यांच्या हमिंगबर्डांवरील चित्रग्रंथात (१८४९ ते १८६१) सोन्याच्या वर्खावर पारदर्शक रंग चढवले होते. मला तो मार्ग परवडणारा नाही आणि छपाईत तो टिकणारही नाही.

सध्या मी निळ्या-जांभळ्याचे पातळ थर देतो आणि ते पूर्ण वाळल्यावर अल्ट्रामरीन व बर्न्ट अंबर मिसळून केलेला काळा वरून चढवत, चमकीच्या जागा मोकळ्या राखतो. अडचण त्या जागांच्या कडांची आहे. कडा स्पष्ट ठेवल्या तर पिसे माशाच्या खवल्यांसारखी दिसतात. ओल्या कुंचल्याने विरवल्या तर पक्षी मखमलीचा वाटतो. डोके, गळा आणि पाठ या ठिकाणी कडा वेगवेगळ्या ठेवाव्यात काय?

दुसरा प्रश्न प्रकाशाचा आहे. अशा चित्रांत प्रकाश वरून, डावीकडून येतो असे धरण्याचा संकेत मी पाळतो. पक्ष्याचे तोंड डावीकडे असल्याने सगळी चमक कपाळावर आणि छातीवर गोळा होते व पाठ काळी ठिक्कर राहते. ओळख पटावी म्हणून पाठीवरही थोडी झळाळी दाखवली, तर जाणकार ती चूक मानतील का?