सोसायटी ग्रुप : पाला जाळण्याबाबत

सी-४०३ (सकाळी ७:०५)
सर्वांना नमस्कार. आज पुन्हा मागच्या कोपऱ्यात कडुलिंबाचा पाला पेटवलाय. धूर सरळ आमच्या खिडकीत येतोय. सासूबाईंना पहाटेपासून दोनदा दम्याचा पंप घ्यावा लागला. या आठवड्यातली ही तिसरी वेळ. कोणीतरी खाली जाऊन पाणी मारा प्लीज, मला त्यांना एकटं सोडून उतरता येत नाही.

ए-१०३ (७:११)
ताई, मी गेलो. एक बादली टाकली. वरून विझलाय, आतून धुमसतोय. अजून एक टाकतो.

अध्यक्ष (७:३०)
झाडणाऱ्या मावशींवर कोणी ओरडू नका. घंटागाडीवाला एवढा पाला घेत नाही, म्हणून मागच्या महिन्यात मीच त्यांना म्हटलं होतं, कोपऱ्यात लावून टाका. चूक माझी आहे. आजपासून जाळणं बंद. पण मग रोजच्या दोन पोती पाल्याचं करायचं काय, तेही सांगा.

बी-२०१ (७:४२)
अध्यक्ष, मुळावरच घाव घाला की. फाल्गुन आला की हा पाला, पुढं निंबोळ्यांचा राडा, गाड्यांवर पाखरांची घाण. दोन्ही लिंबं काढू, पेव्हर ब्लॉक टाकू, चार गाड्यांची जागा होईल. आणि झाडांमुळं डास होतात ते वेगळंच. मागच्या पावसाळ्यात आपल्याकडं दोघांना डेंग्यू झाला, विसरलात का? मी वाईटपणानं म्हणत नाही. मला रोज रात्री गाडी रस्त्यावर लावावी लागते.

सी-४०३ (७:४८)
दादा, धुराचा त्रास सगळ्यात जास्त आमच्या घरात आहे. तरीही झाडं काढायला माझा विरोध आहे. त्रास झाडाचा नाही, काडी लावण्याचा आहे.

बी-३०४ (८:२०)
ड्यूटीवरून आत्ताच आले. मी छातीच्या वॉर्डात काम करते, म्हणून थोडं लिहिते.
पाल्याचा ढीग भडकून जळत नाही, धुमसतो. धुमसण्यात धूर जास्त निघतो. त्यातले बारीक कण, ज्यांना पीएम २.५ म्हणतात, अडीच मायक्रॉन किंवा त्याहून लहान असतात. आपला केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड. नाकातले केस, घशातला कफ या कणांना अडवू शकत नाहीत. ते फुफ्फुसाच्या अगदी टोकापर्यंत जातात आणि तिथून काही रक्तात उतरतात. म्हणून हा प्रश्न फक्त दम्याच्या माणसाचा नाही. ज्यांना बीपी आहे, ज्यांची अँजिओप्लास्टी झाली आहे, त्यांच्या हृदयावरही ताण येतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये या कणांची चोवीस तासांची मर्यादा घनमीटरला १५ मायक्रोग्रॅम ठेवली, आपल्या देशाची ६० आहे. आणि सोलापूरची हवा आधीच चांगली नाही. २०१९ ला राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रम सुरू झाला, त्यातल्या शहरांच्या यादीत आपलं गाव आहे. रस्त्याची धूळ आपण एकट्यानं थांबवू शकत नाही. कोपऱ्यातली आग मात्र आपलीच आहे.

बी-३०४ (८:२६)
डासांचं राहिलं. डेंग्यूचा डास झाडावर वाढत नाही, तो आपल्या ड्रममध्ये वाढतो. नळाला रोज पाणी येत नाही म्हणून आपण सगळे भरून ठेवतो, त्यात कोणाची चूक नाही. पण हा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो, तीही भांड्याच्या कडेला, पाण्याच्या रेषेच्या जरा वर. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस. नुसतं पाणी ओतून भागत नाही, कारण अंडी कोरडी राहूनही कित्येक महिने जगतात. आठवड्यातून एकदा ड्रम आतून काथ्यानं घासायचा, वाळवायचा, झाकण घट्ट लावायचं. मागच्या पावसाळ्यात मी गच्चीवर गेले होते, चार ड्रम उघडे होते. आता कूलर निघतील, त्यांच्या टाकीतही हेच.

डी-४०१ (८:३३)
त्यातले दोन ड्रम आमचे होते. आज झाकणं आणते.

बी-१०२ (९:०५)
अध्यक्ष, आमचे वडील गिरणीत साळखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात होते. कापसाची तूस नाकातोंडात जायची. रविवारी सुट्टीला माणूस बरा असायचा. सोमवारी पाळीवर गेलं की छाती आवळून यायची, संध्याकाळी जिना चढताना दोनदा बसायचे. आम्हा पोरांना वाटायचं, सोमवारी जायचा कंटाळा येतो त्यांना. फार उशिरा कळलं की तो आजारच आहे, सुट्टीनंतर पहिल्या दिवशी जोर करणारा. तोपर्यंत त्यांना दहा पावलं चालवत नव्हती. धुराधुळीला माणूस सवयीचा होतो हे खोटं आहे. छातीला सवय होत नाही. माझं मत : आग नको आणि झाडंही काढायची नाहीत.

ए-१०३ (९:४०)
काका 🙏 मी आता उन्हाचं बोलतो. मी सिव्हिल इंजिनिअरिंगचा आहे, हा माझा विषय.
काल रात्री दहाला गच्चीवर गेलो होतो. अनवाणी उभं राहवत नव्हतं, आणि अजून मार्चच आहे. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडं पारा ४२-४३ ला जातो. स्लॅब, डांबर, पेव्हर ब्लॉक दिवसभर ऊन साठवतात आणि रात्रभर सोडतात. त्यात एसी खोलीतली गरमी बाहेर फेकतो, ती शेजारच्याच्या खिडकीत. म्हणून गावाकडच्या रानात पहाटे पांघरूण लागतं आणि इथं चौथ्या मजल्यावर पहाटेसुद्धा उशी ओली.
दुपारचं ऊन आपण टाळतो. रात्र टाळता येत नाही. शरीर रात्री थंड व्हायला पाहिजे, तेव्हाच हृदयाला विश्रांती मिळते. ती मिळाली नाही तर दुसऱ्या दिवशीचं ऊन दुप्पट बाधतं. अहमदाबादमध्ये २०१० च्या मे महिन्यातल्या लाटेत नेहमीपेक्षा तेराशेहून जास्त मृत्यू झाले. मग २०१३ ला त्यांनी उष्णतेसाठी शहराचा वेगळा आराखडाच केला. त्यांच्याकडं गरीब वस्त्यांतल्या छपरांना पांढरा रंग देण्याचं कामही झालंय. ते आपल्याला जमण्यासारखं आहे.

ए-१०३ (९:४४)
आणि बी-२०१ दादा, एक करा. आज दुपारी तीननंतर तुमच्या बेडरूमच्या बाहेरच्या भिंतीला हात लावा, मग डी विंगच्या पश्चिमेच्या भिंतीला लावा. तुमच्या भिंतीवर लिंबाची सावली असते, त्यांच्याकडं झाड नाही.

बी-१०२ (९:५८)
साखर पेठेत आमचं माळवदाचं घर होतं. लाकडावर वीतभर पांढरी माती, भिंती हातभर जाड. मे महिन्यात आजी दुपारी खाली गार झोपायची, पंखा नव्हता. आता स्लॅबला माती घालता येत नाही, पण चुना मारता येतो. चुना रात्रभर भिजवायचा, गाळायचा, त्यात फेविकॉल घालून तीन हात मारायचे. आधी गच्ची झाडून, धुऊन, वाळवून घ्यायची, नाहीतर पोपडे निघतात. पावसाळ्यानंतर पुन्हा करावं लागतं.

सी-४०४ (१०:१०)
आम्ही वरचे चौघे चुन्याचा खर्च करायला तयार आहोत. मागच्या मे मध्ये आमच्या बाबांना रात्री चक्कर येऊन पडायला झालं. डॉक्टर म्हणाले अंगातलं पाणी कमी झालंय. तेव्हा आम्ही फक्त ओआरएस आणलं, वरच्या स्लॅबकडं कोणाचं लक्ष गेलं नाही.

अध्यक्ष (१०:२५)
खर्च वरच्यांनीच का करायचा? गच्ची सगळ्यांची आहे. मेंटेनन्समधून करू.
लिंबांबद्दल कायद्याचंही सांगतो. १९७५ च्या झाडांच्या कायद्याप्रमाणे महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही, मग ते आपल्या आवारात असलं तरी. आणि उघड्यावर कचरा जाळण्यावर हरित लवादाने २०१६ मध्ये ५,००० रुपये दंड ठरवलाय. हे मला माहीत असायला हवं होतं.

बी-२०१ (दुपारी ३:२०)
भिंतीला हात लावून आलो. दोन्हीकडं. फरक आहे, मोठा फरक आहे.
झाडांचा विषय मी मागं घेतो. पण गाडीचा प्रश्न तसाच आहे, त्याचं पण काहीतरी बघा.

अध्यक्ष (३:३१)
बघू. दोन बंद पडलेल्या स्कूटर आणि जुनं कपाट पार्किंगमध्ये कित्येक वर्षं पडून आहेत. ज्यांचे आहेत त्यांनी पंधरा दिवसांत हलवावेत. एक गाडी तिथं बसेल. बाकीच्यांचं मीटिंगमध्ये.

ए-१०३ (३:४०)
पाल्यासाठी मागच्या कुंपणाला लागून खड्डा काढू. पाल्यात थोडं शेण, थोडी माती, अधूनमधून पाणी, आणि पालथा घालत राहायचं. पावसाळ्यानंतर खत. लिंबाचा पाला कुजायला वेळ घेतो, म्हणून घरातला भाजीचा कचरा मिसळायचा. उरलेला पाला झाडाच्या बुंध्याशीच पसरू, माती ओली राहते. प्लॅस्टिक मात्र एकही नको.

बी-२०१ (३:४६)
कुदळ आणि पाटी माझ्याकडं आहे. रविवारी सकाळी सहाला.

सी-४०३ (५:१५)
सासूबाईंना आता बरं आहे. दुपारी दोन तास झोप लागली. सगळ्यांचे आभार.

अध्यक्ष (५:४०)
मावशींना मी आज स्वतः सांगितलं, जाळायचं नाही म्हणून. बोलता बोलता कळलं, त्यांना महिनाभर खोकला आहे. रोज आगीजवळ उभं राहून काठीनं पाला सारखा करायच्या त्या. सांगितलं नव्हतं कोणाला.

बी-३०४ (५:४४)
महिनाभर म्हणजे तपासायलाच पाहिजे, थुंकीसुद्धा. दुपारी घरी काय करतात त्या?

अध्यक्ष (५:४७)
विड्या वळतात.

बी-३०४ (५:४९)
मग तंबाखूची धूळही आली. उद्या साडेआठला गेटवर थांबायला सांगा. मी माझ्याबरोबर घेऊन जाते, केस पेपर मीच काढते. उद्याचा त्यांचा पगार कापू नका.

अध्यक्ष (५:५०)
नाही कापणार.