मदत हवी आहे: किल्लारीच्या भूकंपाची भीती आणि आईचा आमवात, खरंच संबंध असतो का?

अबोली_०९

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक होणारे, आधीच सॉरी.

आई 54 वर्षांची, औसा तालुक्यात असते, मी पुण्यात. मध्यंतरी तिला आरए म्हणजे आमवात निघाला. अँटी-सीसीपी (आमवाताची रक्तचाचणी) पॉझिटिव्ह, तेव्हा सीआरपी (अंगात सूज असली की रक्तात वाढतो तो) 38 होता, सकाळी तासभर बोटं आखडलेली, दुधाची पिशवी दातानं फाडायची, पदराला पिन लावायला शेजारच्या काकूंना हाक. आता मेथोट्रेक्सेट (आमवाताचं मुख्य औषध) आठवड्यातून एकदा, फॉलिक ॲसिड, आणि फारच ठणकलं तर डायक्लोफिनॅक. फरक आहे, नाही असं नाही, पण मधेच भडका उडतो आणि गणपतीच्या दिवसांत तर हमखास.

आता गणपतीच का, तर 30 सप्टेंबर 1993. अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून लोक झोपले आणि पहाटे 3:56 ला भूकंप झाला. दगडमातीची घरं, वर मणामणाचं मातीचं माळवद, सगळं अंगावर आलं. आई तेव्हा नवी नवरी होती, तिला दुपारी बाहेर काढलं, आजी आणि आत्या गेल्या. मी त्यानंतरची, त्यामुळे मला हे सगळं ऐकून माहीत, तेही बाबांकडून, आई एक शब्द बोलत नाही.

पण तिचं वागणं बघितलं की कळतं. अजूनही दाराजवळच झोपते, उशाशी बॅटरी आणि चपला. रोज रात्री मांडणीवर एक स्टीलचा पेला पालथा घालून त्यावर दुसरा ठेवते, जमीन हलली की पडून आवाज व्हावा म्हणून. रस्त्यावरून उसाचा ट्रक गेला आणि पेला खणकला की ही अंगणात, आणि मग उजाडेपर्यंत झोप नाही, आणि अशा दोन-तीन रात्री झाल्या की सांधे सुजलेच समजा. माझ्या कझिनचं म्हणणं हा पीटीएसडी आहे, म्हणजे मोठ्या धक्क्यानंतर मनात घर करून राहिलेल्या भीतीचा आजार. मी वाचायला बसले तर दिसतंय की पीटीएसडीवाल्यांच्या रक्तात आयएल-6, टीएनएफ-अल्फा वगैरे सुजेची रसायनं जास्त सापडतात.

तर प्रश्न असे की
- एवढ्या वर्षांपूर्वीची भीती आज सांधे सुजवू शकते का?
- मानसोपचार घेतले तर आमवात कमी होईल का?
- आणि आईला हे सांगू कसं? एकदा विषय काढला तर म्हणाली, "बोटं सुजल्यात माझी, डोकं न्हाई." नंतर दोन दिवस फोनवर नीट बोलली नाही.

रानजाई

मी पॅथॉलॉजीत आहे, ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट नाही, हे धरून वाच. संबंध आहे. 2018 मध्ये जामा या जर्नलमध्ये स्वीडनचा मोठा अभ्यास आला होता, ताणाशी संबंधित आजाराचं निदान झालेले एक लाखाहून जास्त लोक. पुढे ऑटोइम्यून आजार (प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटते ते, आमवात त्यातलाच) होण्याचं प्रमाण त्यांच्यात वर्षाला 1000 मागे साधारण 9, आणि हे निदान नसलेल्यांत 6. त्यांच्या सख्ख्या भावंडांशी तुलना केली तरी फरक राहिलाच, म्हणजे सगळं खापर घराण्यावर फोडता येत नाही. पण आकडा नीट बघ, बहुतेकांना काहीच झालं नाही. तुझ्या आईचा आमवात भूकंपामुळेच झाला असं कोणीही छातीठोक सांगू शकणार नाही.

आत काय होतं तर भीतीनं ॲड्रेनलिन वाढतं, पांढऱ्या पेशी आयएल-6 सोडतात, त्यावर लिव्हर सीआरपी बनवतं. एरवी कॉर्टिसॉल हे ताणाचं हार्मोन याला ब्रेक लावतं, पीटीएसडीत तो ब्रेकच नीट लागत नाही. शिवाय मोडलेली झोप स्वतःच सूज वाढवते, आणि तुझ्या वर्णनात मला सगळ्यात जास्त तेच दिसतंय. उलटंही असतं बरं का, अमेरिकेच्या मरीन सैनिकांमध्ये ज्यांचा सीआरपी लढाईवर जायच्या आधीच जास्त होता त्यांच्यात नंतर पीटीएसडीची लक्षणं जास्त दिसली. त्यामुळे कोण आधी कोण नंतर, हे सरळ नाही.

मानसोपचारानं भीती आणि झोप सुधारेल, भडके कमी झाले तर बोनस. मेथोट्रेक्सेट मात्र कुणाच्याही सांगण्यावरून बंद करू नका.

काकाकुवा

आमच्याकडे रोज हळद-दूध आणि एरंडेल. ताणबिण सगळं आत्ताचं फॅड, आमच्या आज्यांनी प्लेग बघितला.

रानजाई

@काकाकुवा, प्लेग बघितलेल्या आज्यांचा सीआरपी कोणी मोजला होता?

बार्शीलाइट

आमचं गाव पण त्याच पट्ट्यातलं. माझे वडील पुनर्वसनाचं पक्कं घर मिळाल्यावरसुद्धा कित्येक वर्षं पत्र्याच्या शेडमध्येच झोपायचे, स्लॅबखाली नाही म्हणजे नाही. त्यांना 'पीटीएसडी', 'सायकियाट्रिस्ट' असलं काही बोललोच नाही. फक्त झोपेच्या डॉक्टरकडे जाऊ म्हटलं, आले. खोटं बोललो असं नाही, झोप लागत नव्हती हे खरंच होतं. तुझ्या आईच्या बाबतीत सांध्यांच्या डॉक्टरांनीच चिठ्ठी दिली तर अजून बरं, मुलीचं ऐकण्यापेक्षा डॉक्टरचं ऐकतात ही माणसं. आणि 14416 हा टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या मदतीचा सरकारी नंबर आहे, फुकट, मराठीत बोलतात. आधी तूच फोन करून विचार.

एक महत्त्वाचं, डिप्रेशन-भीतीच्या गोळ्या सुरू झाल्याच तर डायक्लोफिनॅक चालू आहे हे आवर्जून सांगा. वडिलांना डॉक्टरांनी बजावलं होतं, दोन्ही एकत्र घेतलं तर पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो.

अबोली_०९

@रानजाई, @बार्शीलाइट खूप खूप थँक्यू, डायक्लोफिनॅकचं तर माझ्या डोक्यातच नव्हतं. झोपेवरून सुरुवात करते, त्याला ती नाही म्हणणार नाही, कारण झोप नाही ही तक्रार तिचीच आहे. पुढच्या फॉलोअपला मीच सोबत जाऊन डॉक्टरांना आधी बाहेर गाठते. आता एवढंच सांगा, लातूर किंवा सोलापूरला गोळ्यांशिवाय ट्रॉमाची थेरपी, ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचाली करवून जुन्या आठवणींवर काम करतात ती) वगैरे, मराठीतून करणारं कुणी माहितीये का? ऑनलाइन नको, आईला मोबाइलवर तोंड दिसलं की ती फक्त जेवलीस का विचारते.