मोठी लेकरं आणि समुद्रकाठचं रिसॉर्ट : तुमचे अनुभव लिहा

लेकरं लहान होती तेव्हा वाळूत बादली-फावडं दिलं की दोन तास निघायचे. सतरा वर्षांची मुलगी आणि चौदा वर्षांचा मुलगा घेऊन महागड्या रिसॉर्टला जायचं म्हणजे सगळंच बदलतं. आपल्या मराठवाड्याला समुद्र नाही. पैसे साठवून साठवून एकदा जाणं होतं आणि ते वाया जाऊ नये असं फार वाटतं. म्हणून हा धागा. जाऊन आलेल्यांनी मोकळेपणानं लिहा, सुरुवात मी करते.

लातूर : थोरलीची 'नीट' (मेडिकलची प्रवेश परीक्षा) झाली त्याच मे महिन्यात दक्षिण गोव्यात वार्का किनाऱ्यावर तीन रात्री राहिलो. सोलापूर, मिरज, कोल्हापूर करत आंबोली घाट उतरलो. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी मिरजेच्या आतच संपली. मी आधीच सगळं ठरवून ठेवलं होतं : सातला समुद्र, नऊला नाश्ता, मग जुनं गोवं. पोरगी उठलीच नाही. साडेदहाला नाश्ता बंद होणार, त्याचे पैसे आपण भरलेत, हेच माझ्या डोक्यात. दार वाजवत राहिले तर आतून आवाज आला, "मम्मी, दोन वर्षांनी आज अलार्म लावला नाही गं मी." मी तशीच मागं फिरले. वाढणाऱ्या दादांना विचारून एक ऑम्लेट झाकून खोलीत आणून ठेवलं. दुसऱ्या दिवशी दिवस मावळताना ती आपणहून माझ्याजवळ येऊन बसली. ओल्या वाळूत अंगठ्यानं रेघा ओढायची, लाट पुसून टाकायची, ती परत ओढायची. दोन तास बोलली, त्यात मार्कांचा विषय एकदाही नाही. तिला होस्टेलची भीती वाटते हे मला घरी दोन वर्षांत कळलं नव्हतं. जुनं गोवं राहिलं ते राहिलंच.

छत्रपती संभाजीनगर : बुकिंगचं सांगतो, कारण आमचे पैसे तिथंच गेले. बारा वर्षांवरचं मूल बहुतेक ठिकाणी मोठ्या माणसात धरतात. आम्ही चौघांत एक मोठी खोली घेतली आणि काउंटरवर दोन जादा गाद्या, दोन जादा नाश्ते असे पैसे वाढत गेले. वरून जीएसटी. सप्टेंबर २०२५ पासून रोजच्या साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीला ५ टक्के लागतो, त्यावरच्या खोलीला १८. म्हणजे तेरा हजारांची एक खोली १५,३४० ला पडते आणि सात-सात हजारांच्या दोन खोल्या १४,७०० ला. मोठ्या मुलांना वेगळी खोली मिळते ती वर. फोन करून मधलं दार असलेल्या खोल्या आहेत का ते आवर्जून विचारा. आणि जन्मतारीख खरीच सांगा, आधार कार्ड तिथं मागतातच.

परभणी : लेक पंधराची. स्विमिंग पुलात सुती कपडे चालत नाहीत, हे तिथं गेल्यावर कळलं. ती कॉस्च्यूम घालायला तयार होईना, सगळे बघतात म्हणाली. तिथल्याच दुकानात पूर्ण बाह्यांचा, पायघोळ कॉस्च्यूम मिळाला. "तू घालशील तर मी घालते," असं ती म्हणाली, म्हणून दोन घेतले. चव्वेचाळीस वर्षांत मी गोदावरीत पाय बुडवण्यापलीकडं कधी पाण्यात उतरले नव्हते. तिनं माझ्या मानेखाली हात धरला आणि म्हणाली, "आई, अंग सोड." कान पाण्यात बुडाले, आवाज बंद झाला, वर नुसतं आभाळ. त्या तीन दिवसांतलं मला तेवढंच लख्ख आठवतं.

बीड : पोहणाऱ्या पोरांच्या आईबापांनी हे वाचाच. आमचा सोळाचा पोरगा पाठीला डबा बांधून विहिरीत शिकलेला, आता काठावरून सूर मारतो. त्यामुळे समुद्राची भीती शून्य. कोकणातल्या एका रिसॉर्टसमोर दोन्हीकडं लाटा फुटत होत्या, मधला पट्टा शांत होता, म्हणून तो तिथंच उतरला. तसल्या शांत पट्ट्यातूनच पाणी आत ओढतं. तो किनाऱ्याकडं हातपाय मारतोय आणि लांबच जातोय, हे मी डोळ्यांनी बघितलं. रिसॉर्टचा एकही जीवरक्षक तिथं नव्हता. एक मच्छीमार ओरडला, "आडवा पोह, आडवा!" किनाऱ्याला समांतर पोहत तो ओढीच्या बाहेर पडला. एवढे पैसे घेता आणि एक माणूस ठेवत नाही, याचा राग अजून गेलेला नाही. बुकिंगआधी जीवरक्षक किती वाजेपर्यंत असतो ते विचारा. पावसाळ्यात खोल्या स्वस्त मिळतात, पण मोठ्या पोरांना त्या दिवसांत पाण्यापासून अडवणं फार अवघड जातं.

जालना : वायफाय बंद ठेवायचं ठरवून गेलो, पहिला दिवस भांडणात गेला. दुसऱ्या दिवशी चालू केलं. संध्याकाळी तिघंही पोरं मोबाइल खोलीत ठेवून व्हॉलीबॉल खेळायला गेले.

धाराशिव : आम्ही तारकर्लीला राहिलो, सासरेही सोबत होते. पोरांना स्कुबा करायचं होतं, ते झालं. सासऱ्यांना रिसॉर्टमध्ये करमेना, म्हणून थोरल्या नातवानं त्यांना मालवणहून होडीनं सिंधुदुर्ग किल्ल्यावर नेलं. चहूकडं खारा समुद्र आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा गोड्या पाण्याच्या विहिरी. सासरे साखरबावेच्या काठावर बसले ते उठेचनात. तिथल्या एकानं पाणी काढून दिलं, ते ओंजळीनं प्यायले. आमच्या गावाकडं टँकरच्या पाण्यावर उन्हाळे काढलेला माणूस. रात्री मी बाल्कनीत गेले तर आजोबा आणि नातू समुद्राकडं तोंड करून बसलेले, आमच्या शेतातला कोणता बोअर किती फुटांवर आटला ते नातू विचारत होता आणि आजोबा एकेक करून सांगत होते.