दूध बंद करा, आणि रात्री जवळ झोपवा

कुत्र्याचं दीड महिन्याचं पिल्लू रात्रभर रडतं आणि दूध-पोळी सुरू केल्यापासून शी पातळ होते, असं तुम्ही लिहिलंय. आधी दूध थांबवा. गाई-म्हशीच्या दुधातली साखर बऱ्याच पिल्लांना पचत नाही. आधीच्या घरी जे खात होतं तेच आठवडाभर द्या, दिवसातून चार वेळा, थोडं थोडं. जंताचं औषध दिलंय का तेही विचारून घ्या.

पण शीमध्ये रक्त दिसलं, उलट्या झाल्या किंवा पिल्लू मलूल पडलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. आमचं पहिलं पिल्लू पार्वोने, म्हणजे पिल्लांना होणाऱ्या आतड्याच्या जीवघेण्या विषाणूजन्य आजाराने गेलं. 'उद्या बघू' म्हणत आम्ही एक दिवस घालवला, ते अजून सलतं.

पहिली लस ६ ते ८ आठवड्यांत, पुढचे डोस १६ आठवड्यांपर्यंत, रेबीजची ३ महिन्यांनंतर. सगळे डोस होईपर्यंत रस्त्यावर खाली सोडू नका, पार्वोचा विषाणू मातीत महिनोन्महिने टिकतो. कडेवर घेऊन मात्र जरूर फिरवा. रिक्षा, कुकरची शिट्टी, लहान मुलं या सगळ्याची ओळख याच वयात होते.

आणि रडण्याचं म्हणाल, तर 'दुसऱ्या खोलीत कोंडा, सवय होईल' हा इथे कुणीतरी दिलेला सल्ला मला अजिबात पटत नाही. कालपर्यंत ते आईच्या कुशीत, भावंडांच्या उबेत झोपत होतं हो! खोक्यात जुनी चादर घालून ते तुमच्या अंथरुणाशेजारी ठेवा. कुईकुई केलं की नुसता हात लावा. मध्यरात्री एकदा उठून शूला न्यावंच लागेल.