मदत हवी आहे: गाडीच्या पॉलिसीत चुकून 35 टक्के एनसीबी (नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) लागला, दुरुस्त कसा करायचा?

नमस्कार मंडळी,

बाबांच्या गाडीचा विमा काढताना माझ्या हातून चूक झाली आहे. पावसाचा जोर वाढायच्या आत ती निस्तरायची आहे. जाणकारांनी कृपया वाट दाखवावी.

आम्ही गुहागर तालुक्यातले. गाडी मे 2022 मध्ये नवी घेतली, एमएच 08 पासिंग, बाबांच्या नावावर. तीन वर्षं विमा एकाच कंपनीचा होता. यंदा मे महिन्यात मी ऑनलाइन बघून दुसऱ्या कंपनीचा घेतला, कारण हप्ता कमी दिसला. फॉर्ममध्ये मागच्या वर्षी क्लेम केला होता का, असा प्रश्न होता. बाबा पडवीत बसले होते, त्यांना तिथूनच विचारलं. ते म्हणाले, "नाही गो, कसला क्लेम?" मी "नाही" वर टिक केलं. जुन्या पॉलिसीवर 25 टक्के एनसीबी होता, त्यामुळे नवीन पॉलिसीवर आपोआप 35 टक्के आला.

गेल्या रविवारी बाबांच्या फोनमधले जुने मेसेज पुसत होते, तेव्हा मागच्या ऑगस्टचा एक मेसेज दिसला. जुन्या कंपनीचा, क्लेम सेटल झाल्याचा. तेव्हा उलगडा झाला. ऑगस्टमध्ये माडावरून नारळ पडून गाडीची पुढची काच तडकली होती. बाबा गाडी घेऊन चिपळूणच्या गॅरेजला गेले. तिथे त्यांना सांगितलं, इथे सही करा, हजार रुपये भरा, बाकी आम्ही बघतो. बाबांना वाटलं, काचेचे हजारच झाले. घरी येऊनही त्यांनी तेच सांगितलं आणि आम्ही सगळ्यांनी तेच धरून चाललो.

बाबा दोन दिवस नीट जेवलेले नाहीत. "आपण खोटं लिहून दिलं" एवढंच म्हणतात. 22 जुलै 2021 ला चिपळुणात पाणी भरलं तेव्हा मामांची गाडी बुडाली होती. त्यांचे कागद चोख होते म्हणून पैसे मिळाले. ते आम्ही जवळून पाहिलंय, म्हणून जास्त धास्ती वाटते.

आमची पॉलिसी आता रद्द धरली जाईल का? मी स्वतःहून कळवलं तर कंपनी फसवणूक म्हणेल का? आणि फरकाचे पैसे भरून हे सरळ होत असेल तर नेमकं कुणाला, काय लिहायचं? ओन डॅमेजचा (आपल्याच गाडीच्या नुकसानीचा) हप्ता बोनस वजा करण्याआधी 8,400 रुपये होता.

प्रतिसाद: बांधावरून

ताई, आधी बाबांना जेवायला बसवा. मी विमा कंपनीच्या मोटार विभागात नोकरी करून निवृत्त झालोय. तुमच्यासारख्या केसेस दर महिन्याला टेबलावर यायच्या, आणि त्यातल्या बऱ्याच अशाच काचेच्या. कॅशलेसमध्ये गॅरेजवाला फॉर्म भरतो, मालक सही करतो, आणि आपण क्लेम केलाय हे त्याच्या गावीही नसतं. बाबांनी भरलेले हजार रुपये ही काचेची किंमत नव्हे. 1500 सीसीपर्यंतच्या गाडीला प्रत्येक क्लेममध्ये मालकाने स्वतः सोसायची ती सक्तीची रक्कम. काचेवर घसारा (जुनेपणाची कपात) कापत नाहीत, म्हणून बाकीचं सगळं कंपनीने दिलं आणि बाबांना बिल हजाराचंच वाटलं.

आता मुद्द्याचं. क्लेम झाला की एनसीबी एक पायरी उतरत नाही, थेट शून्यावर येतो. (एनसीबी प्रोटेक्ट, म्हणजे क्लेम झाला तरी बोनस टिकवणारं जादा कव्हर, घेतलेला असेल तर गोष्ट वेगळी. जुन्या पॉलिसीत तो होता का, ते आधी बघा.) फॉर्मवर तुम्ही जे मान्य केलंत त्यात असंही लिहिलेलं असतं, की बोनसची माहिती चुकीची निघाली तर पॉलिसीच्या पहिल्या भागाचे सगळे फायदे जातील. पहिला भाग म्हणजे ओन डॅमेज, आपल्या गाडीचं नुकसान. दुसरा भाग थर्ड पार्टीचा. त्याचा या वाक्यात उल्लेख नसतो. म्हणजे उद्या तुमच्या गाडीने कुणाला इजा झाली तर त्या माणसाची भरपाई या चुकीपायी अडत नाही. पण गाडी पुरात गेली किंवा झाड पडलं तर तुमचाच क्लेम अडकेल.

म्हणून आजच ईमेल करा. फोन करू नका असं नाही, पण फोनचा पुरावा आपल्या हातात राहत नाही. पॉलिसी नंबर, गाडीचा नंबर, जुन्या कंपनीचं नाव, क्लेम नंबर आणि तारीख लिहा. क्लेम झाल्याचं रिन्यूअलच्या वेळी माहीत नव्हतं, अमुक तारखेला कळलं, एनसीबी शून्य करून फरकाची रक्कम कळवावी आणि एन्डॉर्समेंट (पॉलिसीतल्या बदलाचा अधिकृत कागद) द्यावं, एवढं पुरे. गयावया करू नका आणि गॅरेजवाल्यावर ढकलूही नका. तो मेसेज पुसला नसाल तर स्क्रीनशॉट जोडा.

फरक असा निघेल: 8,400 चे 35 टक्के म्हणजे 2,940, त्यावर 18 टक्के जीएसटी 529, एकूण 3,469 रुपये. रक्कम कंपनीच्या लिंकवरच भरा, कुणाच्या खासगी खात्यावर नाही.

प्रतिसाद: खाडीपलीकडे

एवढं कशाला? जुनी कंपनी वेगळी, नवी वेगळी. कोण बघायला जातंय? पुढच्या वर्षी शून्य टाका आणि मोकळे व्हा.

प्रतिसाद: बांधावरून

दादा, बघतात. कंपनी बदलून आलेल्या गाडीचा बोनस जुन्या कंपनीकडून तपासून घ्यायचा, हा नियम जुन्या टॅरिफपासून (सगळ्या कंपन्यांना लागू असलेल्या जुन्या दर-नियमावलीपासून) आहे. ती तपासणी राहून गेली असेल तरी मोठा क्लेम आला की पहिली चौकशी तिथेच होते. आणि आता फरक असा पडलाय की ताईंना माहीत आहे. रविवारपर्यंत ती चूक होती. यापुढे गप्प राहिल्या तर तिला चूक म्हणता येणार नाही.

प्रतिसाद: हापूसवाला

माझा अनुभव सांगतो, मी कुडाळचा. माझ्या पॉलिसीत 1197 सीसीच्या जागी 998 पडलं होतं. त्यामुळे थर्ड पार्टीचा दर खालचा लागला. 1 जून 2022 पासूनचे दर 1000 सीसीपर्यंत 2,094 आणि त्यापुढे 1500 पर्यंत 3,416. फरक 1,322, जीएसटी धरून 1,560 रुपये. आरसीची प्रत जोडून मेल केला, पैसे भरले, काम झालं. ताई, तुम्ही या निमित्ताने सगळी पॉलिसी आरसीशेजारी ठेवून वाचा. इंजिन नंबर, चेसिस नंबर, इंधन, बाबांच्या नावाचं स्पेलिंग. ऑनलाइन भरताना एकच चूक होते असं नाही. सीएनजी किट नंतर बसवलं असेल तर तेही आरसीवर आणि पॉलिसीवर दोन्हीकडे हवं.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. बाबांना बांधावरून काकांचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला. "पुढच्या वर्षी शून्य टाका" हे ऐकल्यावर त्यांनी नुसती मान हलवली आणि म्हणाले, मेल आत्ता लिही, मी इथेच बसतो. एनसीबी प्रोटेक्ट नव्हता. मेल गेला आहे. सीसी आणि नंबर बरोबर आहेत. बाबांच्या आडनावात एक अक्षर चुकलंय, तेही त्याच मेलमध्ये लिहिलं.

काका, त्यांनी उत्तरच दिलं नाही तर?

प्रतिसाद: बांधावरून

आधी त्याच कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहायचं. मग आयआरडीएआयचं (विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचं) बीमा भरोसा पोर्टल आहे, फोन 155255. तक्रारीला तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही तर विमा लोकपाल. रत्नागिरी जिल्ह्याला पुण्याचं कार्यालय लागतं, पैसे पडत नाहीत, वकीलही लागत नाही. पण दुरुस्तीसाठी तिथवर जावं लागेल असं वाटत नाही. पैसे घ्यायला कंपनी नाही म्हणत नाही.

धागाकर्ती

उशिरा लिहिते आहे, पण कुणाला उपयोग होईल. तिसऱ्या दिवशी कंपनीचा फोन आला, बाई नीट बोलल्या. जुन्या पॉलिसीची प्रत आणि बाबांच्या सहीचं पत्र मागितलं. फरक 3,469 रुपयेच निघाला. लिंकवर भरला. आठव्या दिवशी एन्डॉर्समेंट आलं, पण त्यात एनसीबी शून्य एन्डॉर्समेंटच्या तारखेपासून लिहिला होता. पैसे तर आम्ही पूर्ण वर्षाचे भरले होते. मग पुन्हा मेल केला, पॉलिसी सुरू झाल्याच्या तारखेपासून करून द्या म्हणून. चार दिवसांत सुधारित कागद आला. आडनावही बरोबर झालं. ज्यांना असं करून घ्यायचंय त्यांनी ती तारीख नक्की बघावी, मी जवळजवळ न वाचताच फाइल करणार होते.

प्रिंट काढून बाबांनी आरसीच्या पाकिटात घातली आहे. काका, एक शेवटचं. यंदा क्लेम केला नाही तर पुढच्या मेमध्ये 20 टक्के लावायचे ना?

प्रतिसाद: बांधावरून

हो. 20, मग 25, 35, 45, 50. आणि टिक करायच्या आधी बाबांच्या फोनमधले मेसेज बघा.