मदत हवी आहे: औली स्कीइंग, आज संध्याकाळपर्यंत ठरवायचंय

वाटसरू_एन
उत्तराखंडातल्या औलीला जायचं जवळजवळ ठरलंय. हॉटेलवाला म्हणतो आज संध्याकाळपर्यंत निम्मे पैसे टाका नाहीतर रूम दुसऱ्याला देतो, आणि टाकलेले पैसे परत मिळणार नाहीत. तिथे स्कीइंग करता येतं ना नवख्या माणसाला? म्हणजे गेलो, स्की भाड्याने घेतली, कोणीतरी शिकवलं, थोडंफार जमलं, असं. गुलमर्ग सुचवू नका, तिथली गर्दी नको म्हणूनच औली शोधलंय, छोटं शांत ठिकाण हवंय. जोशीमठहून रोपवेने वर जाणार त्यामुळे बर्फात गाडी चढवायचा प्रश्न नाही. यूट्यूबवर सगळे नुसतं सबस्क्राइब करा सांगतात. ज्यांनी प्रत्यक्ष केलंय त्यांनीच लिहा. हो किंवा नाही एवढंच हवंय. प्लीज लवकर.

कातळकडा
कधी जाताय? किती जण? वयं काय? आधी कोणी स्की पायाला लावलीय का? महिना कळल्याशिवाय हो पण सांगता येत नाही आणि नाही पण.

भटक्या_बापू
औलीपर्यंत जाताय तर बद्रीनाथ अजिबात चुकवू नका. जोशीमठहून 45 किमीच्या आसपास आहे. पहाटे तप्तकुंडात स्नान करून दर्शन घ्यायचं, सगळा शीण जातो. आम्ही गेलो होतो तेव्हा इतकं सुंदर दर्शन झालं की काय सांगू, पुढे माणा गावात पण जाऊन आलो.

रेवा_वाहते
बापू, बर्फ असताना बद्रीनाथचे दरवाजे बंद असतात हो. नोव्हेंबरात बंद होतात ते थेट एप्रिल-मे मध्ये उघडतात. उद्धव आणि कुबेराच्या मूर्ती पांडुकेश्वरला नेतात आणि शंकराचार्यांची गादी जोशीमठच्या नृसिंह मंदिरात येते.

वाटसरू, मुख्य गोष्ट. रोपवेच्या भरवशावर आहात का? जानेवारी 2023 मध्ये जोशीमठची जमीन खचायला लागली, घरांना तडे गेले, तेव्हा रोपवे बंद केला. तो चालू झालाय असं तिथल्या कोणाकडून पक्कं कळल्याशिवाय त्यावर प्लॅन बांधू नका. नाहीतर रस्त्याने वर, 13-14 किमी घाट, आणि बर्फ असेल तर चाकांना साखळी.

वाटसरू_एन
काय?? हॉटेलवाला म्हणाला रोपवे पाच मिनिटांवर आहे.

तिरकस
खरंच बोलला तो. रोपवेचं स्टेशन पाच मिनिटांवर आहे. चालू आहे असं कुठे म्हणाला?

भटक्या_बापू
रेवाताई बरोबर आहे, मी मे महिन्यातलं सांगत होतो. मग नृसिंह मंदिर तरी करा.

कातळकडा
महिना?

वाटसरू_एन
24 ते 28 डिसेंबर. चौघं. मी, बायको, मुलगा, आई. स्की कोणीच केलेलं नाही, म्हणून तर विचारतोय. गुगलवर तर औली रोपवे आशियातला सगळ्यात लांब वगैरे लिहिलंय, बंद आहे हे का लिहीत नाहीत कोणी.

हिमगंध
मी तिथे स्कीइंगचा कोर्स केलाय म्हणून जरा सविस्तर लिहिते, लांब होईल, वाचा.

औलीत दोन वेगळ्या गोष्टी आहेत, लोक गल्लत करतात. एक तो जोशीमठ ते औली रोपवे, साधारण 4 किमी, 10 टॉवरचा, त्याबद्दल रेवाने लिहिलंच आहे. दुसरी औलीतच असलेली चेअरलिफ्ट, सुमारे 800 मीटरची, खालच्या टप्प्यावरून उताराच्या वरच्या भागात नेते. ती पर्यटकांसाठी असते पण वारा किंवा बर्फ जास्त झाला की थांबवतात. उतार साधारण 2500 ते 3000 मीटरच्या मधे आहेत. समोर नंदादेवी, 7816 मीटर, हवा स्वच्छ असेल तर नजर हटत नाही.

आता बर्फ. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात औलीत स्की करण्याइतका बर्फ असेलच असं नाही. इथला बर्फ पश्चिमी चक्रावातांवर (हिवाळ्यात पश्चिमेकडून येणाऱ्या वादळी ढगांवर) अवलंबून, ते आले तर एका रात्रीत उतार भरतो आणि नाही आले तर जानेवारी अर्धा झाला तरी पिवळं गवत. बर्फ नाही म्हणून औलीतल्या राष्ट्रीय स्पर्धासुद्धा रद्द कराव्या लागल्यात. 2011 च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी कृत्रिम तलाव आणि बर्फ करणाऱ्या मशिनी आणल्या होत्या, तलाव फोटोत छान दिसतो, पण मशीन चालायला कडक आणि कोरडी थंडी लागते, तुमची सुट्टी त्यावर सोडू नका. जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारी हा त्यातल्या त्यात खात्रीचा काळ.

शिकणं. गढवाल मंडळ विकास निगमचे (तिथलं सरकारी पर्यटन महामंडळ) कोर्स असतात, 7 आणि 14 दिवसांचे, राहणं आणि साहित्य त्यातच, पण ते त्यांच्या तारखांनाच, तुमच्या सोयीने नाही. तसं नको असेल तर उतारावरच स्की भाड्याने देणारे आणि शिकवणारे स्थानिक पोरगे भेटतात, बरेच जण फार चांगलं शिकवतात. दोन दिवसांत काय होतं? पहिला दिवस बूट घालणं, पडणं आणि उठणं यातच जातो. स्कीची पुढची टोकं जवळ आणि मागच्या बाजू फाकवून ब्रेक मारायचा, त्याला पिझ्झा म्हणतात पोरं, तो जमला की दुसऱ्या दिवशी हळूहळू वळणं. पूर्ण दोन दिवस हातात असतील तर मजा येते. त्याहून कमी असेल तर फोटो काढून परत.

कातळकडा
+1. आणि पूर्ण दोन दिवस यांच्या हातात आहेत का ते मोजलंय का कोणी? 24 म्हणजे घरून निघणार ना?

वाटसरू_एन
हो 24 ला सकाळची फ्लाइट, 28 ला संध्याकाळी परत. पाच दिवस आहेत की.

रेवा_वाहते
24 ला विमानाने डेहराडून, तिथून ऋषिकेशला मुक्काम. 25 ला ऋषिकेश ते जोशीमठ साधारण 250 किमी, देवप्रयाग, रुद्रप्रयाग, कर्णप्रयाग करत चमोलीवरून. नऊ-दहा तास धरा, दरड आली तर कितीही. डोंगरात रात्रीची गाडी कोणी चालवत नाही, चालवू पण नये. 26 औली. 27 ला परत खाली उतरायलाच हवं, 28 ची फ्लाइट धोक्यात नको असेल तर. राहिला एक दिवस. त्यातही वर जायला टॅक्सी, बूट शोधणं, रांग. आणि हॉटेल जोशीमठला आहे की औलीत? ते पण लिहिलं नाहीये तुम्ही.

वाटसरू_एन
हॉटेल औली असंच लिहिलंय साईटवर. थांबा बघतो... पत्ता जोशीमठचा आहे. नाही, ज्योतिर्मठ लिहिलंय, हे वेगळं गाव आहे का?

रेवा_वाहते
तेच. नाव बदललंय, मॅपवर कधी हे कधी ते दिसतं.

सह्याद्रीचा_वारा
ऋषिकेश ते कर्णप्रयाग रेल्वे होतेय ना, 125 किमी, बहुतेक सगळी बोगद्यातून. मग हा सगळा त्रासच संपणार. मी त्याचे बोगद्यांचे व्हिडिओ बघतो रोज, भारी काम चाललंय.

तिरकस
यांना डिसेंबरात जायचंय, बोगद्याच्या उद्घाटनाला नाही.

डॉ_निवांत
धागाकर्त्यांनी आईचा उल्लेख एका शब्दात केलाय. वय? बीपी, शुगर, दमा, हृदयाचं काही? गुडघे? 2500 मीटरच्या वर काही लोकांना विरळ हवेचा त्रास होतो, बहुतेकदा डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणं इतपतच, पण वय आणि औषधं बघून ठरवावं लागतं.

वाटसरू_एन
आई 68, बीपीची गोळी चालू आहे. पण ती स्की करणार नाही, ती फक्त बसून बर्फ बघणार. मुलगा 9.

डॉ_निवांत
बसून बघण्यासाठीही दहा तास गाडीत बसायचंय आणि शून्याखालच्या थंडीत राहायचंय. थंडीत बीपी वाढतं. नेहमीच्या डॉक्टरांना दाखवून या, औषधं दोन ठिकाणी विभागून ठेवा. जोशीमठ 1900 मीटरच्या आसपास आहे, पहिली रात्र तिथे काढून मग वर जाणं उलट चांगलंच.

भटक्या_बापू
भीमसेनी कापूर रुमालात बांधून हुंगत राहायचा. काही होत नाही. आमच्या ग्रुपमध्ये सत्तरीचे होते सगळे.

मृण्मयी_ट
कापूर नाही, होमिओपॅथीच्या कोका गोळ्या. निघायच्या आधीपासून सुरू करायच्या. आम्ही लेहला घेतल्या होत्या, कोणालाही त्रास झाला नाही.

कातळकडा
ज्यांनी घेतल्या नाहीत त्यांनाही झाला नसेल. त्यापेक्षा डायमॉक्स, उंचीच्या त्रासावरची ॲलोपॅथीची गोळी.

डॉ_निवांत
कापराने नाक मोकळं वाटतं, हवेतला प्राणवायू वाढत नाही. आणि कातळकडा, डायमॉक्स असं धाग्यावर वाटू नका. सल्फाची ॲलर्जी असलेल्यांना चालत नाही, लघवी वाढते, बीपीच्या काही गोळ्यांबरोबर विचार करावा लागतो. औलीच्या उंचीला सरसकट गरजही नसते.

मृण्मयी_ट
ॲलोपॅथीवाल्यांना दुसऱ्याचं काही पटतच नाही. असो. वाद घालायचा नाही.

(हा विषय इथेच थांबवूया, वेगळा धागा काढा कोणीतरी.)

बर्फाळलेला
मी सांगू का, गुलमर्गच करा. माहितीय नको म्हणालात, पण गर्दी गोंडोलाच्या, म्हणजे तिथल्या केबल कारच्या, रांगेत असते, नवशिक्यांचे उतार खाली आहेत, तिकडे गोंडोला लागतच नाही. बर्फ डिसेंबरात औलीपेक्षा जास्त भरवशाचा, आणि श्रीनगर विमानतळापासून दोनेक तासात पोचता. आईंना दहा तास घाट नाही. पाच दिवसांत तीन दिवस पूर्ण स्की. हिशोब करा.

हिमगंध
हे मला पटतंय आणि पटत नाहीये. दिवस कमी असतील तर गुलमर्ग हाच शहाणपणा. पण त्यांना शांतता हवीय आणि नाताळच्या आठवड्यात गुलमर्गला शांतता? पार्किंगपासून स्लेजवाले मागे लागतात.

कातळकडा
नारकंडा बघा कोणीतरी. शिमल्यापासून 60-65 किमी, 2700 मीटर, कोणी जात नाही. हाटू शिखराखाली देवदारात छोटासा उतार आहे.

हिमगंध
नारकंड्याला बर्फ औलीहून बेभरवशाचा आहे. कोणी जात नाही त्याला कारण आहे.

कातळकडा
ठिकाण सुंदर आहे एवढंच म्हणतोय.

अरण्यक
एक वेगळा मुद्दा. जोशीमठ जुन्या भूस्खलनाच्या ढिगाऱ्यावर वसलंय, 1976 च्या मिश्रा समितीने तेव्हाच मोठी बांधकामं नकोत म्हणून सांगितलं होतं. 2023 ला शेकडो घरांना तडे गेले, हॉटेलं पाडावी लागली. अशा गावात अजून गर्दी करायची का? 2019 ला औलीत ते बडं लग्न झालं, नंतर टनावारी कचरा उचलावा लागला.

रेवा_वाहते
लग्नाबद्दल पूर्ण सहमत. पण चार माणसांच्या कुटुंबाने जाऊ नये हे पटत नाही. तिथल्या टॅक्सीवाल्याचं, स्की शिकवणाऱ्या पोराचं वर्ष या दोन-अडीच महिन्यांवर चालतं. रोपवे बंद झाल्यावर त्यांचं किती गेलं ते तिथे जाऊन विचारा. मोठ्या हॉटेलपेक्षा होमस्टे घ्या, कचरा परत आणा.

अरण्यक
होमस्टेची पण तीच जमीन आहे. पण ठीक, तुमचा मुद्दा कळला.

तिरकस
धागाकर्ते जिवंत आहेत का? संध्याकाळ झाली.

वाटसरू_एन
आहे. हॉटेलवाल्याला फोन केला होता. रोपवेचं विचारलं तर म्हणाला सर टॅक्सी करून देतो ना. बर्फाचं विचारलं तर म्हणाला पडेल पडेल. मग पैसे भरले नाहीत. बायकोचं म्हणणं फेब्रुवारीत जाऊ, आठ-नऊ दिवस काढून, औलीतच वर राहू. मुलाची शाळा बुडेल तेवढी बुडू दे. आईला विचारलं तू थांबतेस का तर ती म्हणाली मला बर्फ बघायचाय, तुम्ही थांबा. तर ती येतेय, उद्या डॉक्टरकडे नेतो. फेब्रुवारीत ते 7 दिवसांच्या कोर्सला 9 वर्षांच्या मुलाला घेतात का?

हिमगंध
वयाची अट निगमला फोन करून विचारा, अंदाजाने सांगत नाही. त्याच्यासाठी खाजगी शिकवणारा घेतला तरी उत्तम, मुलं मोठ्यांपेक्षा लवकर शिकतात, पडायची भीती नसते. फक्त त्याच्या मापाचे बूट मिळतात का हे बुकिंगच्या आधी विचारा, छोट्या ठिकाणी लहान मापं मोजकीच असतात. बूट घोट्याला घट्ट हवा, बोटं हलली पाहिजेत, सैल असला तर स्की वळतच नाही. स्कीची उंची त्याच्या हनुवटीपर्यंत, जास्त नको.

मृण्मयी_ट
दोन-दोन लोकरी मोजे घाला सगळ्यांना.

हिमगंध
एकच, लांब आणि पातळ. दोन घातले की आत सुरकुत्या पडून फोड येतात आणि रक्त दबून पाय उलट जास्त गार पडतो. जीन्स नको, ओली झाली की संपलं. गॉगल आईंना पण घ्या, बर्फावरून येणारं ऊन डोळ्यांना फार लागतं, नुसतं बसलं तरी. सनस्क्रीन नाकाखाली आणि हनुवटीखाली पण.

वाटसरू_एन
ओके. हेल्मेट तिथे भाड्याने मिळतं का मुलाच्या मापाचं?

कातळकडा
मिळेलच असं नाही. इथूनच घेऊन जा. आणि येताना नारकंडा

हिमगंध
नारकंडा हिमाचलात आहे हो!